हातांचा विटाळ

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या भगिनीचें मला तातडीचें बोलावणें आलें. निमित्त होतें तिच्या धाकट्या चिरंजिवांचें. हे चिरंजीव अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत शिकतात, गुण बरे मिळवितात, आणि आजवर त्यांच्याविषयीं घरांत कोणाची तक्रार नव्हती. परंतु परीक्षा संपतांच त्यांनीं पुण्याच्या जुन्या बाजारांतून एका मोडींत निघालेल्या मोटारसायकलचें शंभर सी. सी. चें इंजिन आणलें, घरामागच्या पत्र्याच्या छपराखालीं लोखंडी नळ्यांचा ढीग घातला, आणि 'गो-कार्ट' नांवाची एक बुटकी, बिनछपराची, चार चाकांची गाडी स्वतःच्या हातानें बांधावयास आरंभ केला. महिनाभरांत त्यांच्या नखांत काळें वंगण आणि अंगणांत काळे डाग कायमचे वस्तीस आले. "दादा, तूं प्राध्यापक, तुझें तो ऐकेल. त्याला चार शब्द सांग," असें भगिनीचें म्हणणें. मी गेलों तो चार शब्द सांगण्याच्याच तयारीनें. परत आलों तो आरोपीचा वकील होऊन. हें वकीलपत्र आज जाहीरपणें वाचकांपुढें ठेवीत आहें. कारण जो खटला त्या घरांत चालला तो आपणां सुशिक्षितांच्या बहुतेक घरांत चालतो, आणि बहुतेक ठिकाणीं आरोपीला तोंड उघडूं न देतांच निकाल लागतो.

फिर्यादी पक्षाचें म्हणणें त्रिविध होतें. वडील म्हणत होते कीं, हें काम गॅरेजवाल्याचें. इंजिनिअरानें तें करवून घ्यावयाचें असतें, करावयाचें नसतें. आजोबा विचारीत होते कीं, भंगारांतून खेळणीं जोडून आजवर कोणाचें काय भलें झालें? आईचा आक्षेप एकाच शब्दाचा होता, पण सर्वांत वजनदार होता: अपघात. या तिन्ही आक्षेपांचा मी क्रमानें परामर्श घेणार आहें. आणि तिसऱ्याच्या वेळीं मला फिर्यादी पक्षाकडे बरेंच सरकावें लागणार आहे, हें आरंभींच कबूल करून ठेवतों.

पहिला आक्षेप घेऊं. मी पदार्थविज्ञानाचा अध्यापक. घर्षण, वर्तुळाकार गति, उष्णतेचें वहन हे विषय तीस वर्षें फळ्यावर शिकवीत आलों आहें. छपराखालीं पाऊल टाकतांच भाच्यानें मला विचारलें, "मामा, वळतांना आंतलें पुढचें चाक बाहेरच्या चाकापेक्षां जास्त वळायला हवें ना?" मी क्षणभर गप्प झालों. उत्तर मला येत होतें. पण तें मला आयुष्यांत कधीं लागलें नव्हतें. त्याला तें लागलें होतें. दोन्ही चाकें सारख्याच कोनांत वळविलीं म्हणजे वळणावर एक चाक गडगडत न जातां फरफटत जातें, आणि जमिनीवर काळा ओरखडा उमटतो, हें त्यानें गाडी ढकलून स्वतः पाहिलें होतें. आंतल्या चाकाला लहान वर्तुळ काढावयाचें असतें, बाहेरच्याला मोठें. तेव्हां दोघांचे कोन निराळेच असले पाहिजेत. ही गोष्ट त्याला पुस्तकानें नव्हे, जमिनीनें शिकविली.

या युक्तीचा इतिहासहि आपल्या वादाला धरूनच आहे. १८१७ सालीं म्यूनिच येथील लांकेन्श्पेर्गर नांवाच्या एका गाड्या बांधणाऱ्या कारागिरानें ती शोधून काढली. पुढल्या वर्षीं लंडनमध्यें तिचा हक्क नोंदविला तो त्याच्या प्रतिनिधीनें, रुडॉल्फ आकरमान यानें. हे आकरमान पुस्तकें व चित्रें छापून विकणारे गृहस्थ. आज जगांतील प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयांत ती रचना 'आकरमान' याच नांवानें शिकविली जाते. ज्याच्या हातांतून ती निघाली त्याचें नांव विद्यार्थ्यांच्या कानीं क्वचितच पडतें. ज्याच्या कागदावर ती चढली त्याचें नांव अजरामर झालें. कागदाचा मान आणि हाताचा विसर ही केवळ आपलीच खोड नाहीं, एवढें समाधान यांतून मिळतें. पण आपण त्या खोडीचा धर्म केला, हें दुःख उरतेंच.

मुलगा आणखी काय शिकला तें पहा. गो-कार्टला मागच्या दोन चाकांमध्यें एकच अखंड दांडा असतो. मोटारीप्रमाणें दोन्ही चाकांना निराळ्या गतीनें फिरूं देणारी पेटी तिला नसते. मग ती वळते कशी? वळणावर आंतलें मागचें चाक किंचित् उचललें जावें लागतें, आणि तें उचलण्यासाठीं पुढच्या चाकांच्या खुंट्या मागें कलत्या ठेवाव्या लागतात व सांगाडा जरासा पिळवटूं द्यावा लागतो. आमच्या चिरंजिवांनीं मजबुतीच्या हौसेनें सांगाड्याला एक आडवी नळी जास्त जोडली होती. परिणाम असा कीं, चाकें वळवावीं आणि गाडीनें सरळच जावें! दोन दिवस डोकें खाजवून अखेर त्यानें स्वतःच जोडलेली ती नळी स्वतःच्या हातानें कापून काढली. जास्त मजबूत म्हणजे जास्त चांगलें नव्हे, हा धडा किती वयोवृद्ध मंडळींना आला आहे?

तसेंच इंजिनाचें. मोटारसायकलवर असतांना या इंजिनाला समोरून वारा लागतो आणि त्याच्या पात्यांवरून उष्णता निघून जाते. तेंच इंजिन बैठकीच्या पाठीमागें दडविलें म्हणजे वारा चालकाच्या पाठीशींच अडतो आणि इंजिन तापून धपापूं लागतें; मग पत्र्याची वाट करून वारा तेथवर न्यावा लागतो. मोटारसायकलची टाकी कार्ब्युरेटरच्या वर असते, म्हणून पेट्रोल आपल्या वजनानेंच खालीं उतरतें. कार्टमध्यें टाकी खालीं घेतली कीं तें वर चढवावयास पंप लागतो. कार्टचें चाक व्यासानें मोटारसायकलच्या चाकाच्या सुमारें निम्में. म्हणून तींच दातेरी चक्रें आणि तीच चेन ठेवली तर वेग निम्मा होतो व ओढ दुप्पट. या प्रत्येक वाक्याखालीं माझ्या विषयाचें एकेक प्रकरण आहे. फरक इतकाच कीं, माझ्या वर्गांत चुकीचें उत्तर लिहिलें तरी पस्तीस गुणांची सोय असते. लोखंड मात्र कृपागुण देत नाहीं. त्याच्यापुढें वशिला चालत नाहीं आणि वक्तृत्वहि चालत नाहीं. ज्या वयांत मुलाला सबबी सांगण्याची संवय लागते, त्याच वयांत सबब न ऐकणारा असा गुरु त्याला भेटावा, याहून मोठें शिक्षण कोणतें?

आतां वडिलांच्या आक्षेपाचा खरा गाभा सांगतों. 'हें काम गॅरेजवाल्याचें' या वाक्यांत कामाविषयीं कांहींच नाहीं, जें आहे तें गॅरेजवाल्याविषयीं आहे. मी तेथें असतांना ज्यांच्याकडे भाचा वेल्डिंग शिकला ते मिस्त्री सांगाडा पाहावयास आले. त्यांनीं दोन तिरक्या कोपऱ्यांमधलीं अंतरें सुतळीनें मोजलीं, तीं सारखीं भरलीं तेव्हां मान हलविली; मग सांगितलें कीं, आधीं नुसते टाके मारायचे, पुन्हां मोजायचें, आणि मगच सांधे भरायचे, कारण तापलेलें लोखंड थंड होतांना सांगाडा ओढतें. जस्ताचा मुलामा असलेली पाण्याची नळी त्यांनीं बाजूस काढून ठेवली. तिच्या धुरानें वेल्डिंग करणाराला हुडहुडी भरून ताप येतो, म्हणाले. एवढें शास्त्र सांगून ते गृहस्थ अंगणांतच उभे राहिले. त्यांना चहा आला. पण 'आंत या, बसा' असें कोणी म्हटलें नाहीं. मीहि म्हटलें नाहीं, हें येथें लिहितांना मला लाज वाटते. ज्याच्याकडून आमचा मुलगा विद्या घेत होता, त्याला आम्ही उंबऱ्याबाहेर चहा पाजला. पूर्वीं आपण माणसांचा विटाळ मानीत होतों. तो आपण कायद्यानें सोडला. पण त्यांच्या हातांचा विटाळ अजून मनांतून गेलेला नाहीं. सुतार, लोहार, कुंभार यांच्याजवळ हात ठेवले आणि डोकें आपल्याकडे ठेवलें, या वांटणीनें दोघांचेंहि नुकसान झालें. त्यांच्या हाताला पोथी मिळाली नाहीं आणि आपल्या पोथीला हात मिळाले नाहींत.

आजोबांचा प्रश्न होता, भंगारांतून भलें कोणाचें झालें? त्यांना उत्तर १९४६ सालांतलें देतों. दुसरें महायुद्ध नुकतेंच संपलें होतें आणि इंग्लंडमध्यें पेट्रोल व लोखंड दोहोंचीहि टंचाई होती. लंडनजवळच्या सर्बिटन येथें चार्ल्स कूपर व त्यांचा मुलगा जॉन यांचें गॅरेज होतें. त्यांनीं फियाट टोपोलिनो जातीच्या दोन मोटारींचे पुढचे भाग घेऊन पाठीला पाठ लावून जोडले आणि त्यावर पांचशें सी. सी. चें जे. ए. पी. मोटारसायकलचें इंजिन बसविलें. इंजिन त्यांनीं चालकाच्या मागें ठेवलें, कारण तेथून मागच्या चाकांना चेन लावणें सोयीचें होतें. त्या काळीं शर्यतीच्या बहुतेक मोटारींचीं इंजिनें पुढें असत. पण या चेनीच्या सोयीनें अखेर सर्वांना मागें टाकलें. १९५९ आणि १९६० अशीं लागोपाठ दोन वर्षें जॅक ब्रॅबम यांनीं मागें इंजिन असलेली कूपर मोटार चालवून जगज्जेतेपद मिळविलें, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत पुढें इंजिन असलेल्या मोटारी त्या शर्यतींतून नाहींशा झाल्या. एका गॅरेजांतल्या जोडकामानें सबंध जगाचा आराखडा उलटा केला.

खुद्द गो-कार्टचा जन्महि असाच. १९५६ सालीं अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतीं शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या एका कारखान्यांतील कारागीर आर्ट इंगल्स यांनीं गवत कापण्याच्या यंत्राचें एक शिल्लक पडलेलें इंजिन घेतलें आणि नळ्यांच्या सांगाड्यावर चढविलें. आठच वर्षांनीं, १९६४ सालीं, या खेळण्याच्या जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत रोम येथें झाली. ब्राझिलचा जगद्विख्यात आयर्टन सेना चार वर्षांचा असतांना त्याच्या वडिलांनीं गवत कापण्याच्या यंत्राच्याच एका अश्वशक्तीच्या इंजिनावर त्याला पहिली कार्ट करून दिली होती. तेथें बापानें कार्ट बांधून दिली; येथें मुलानें बांधली तर बाप ती भंगारांत घालावयास निघतो!

आणि इतकें दूर जावयास कशाला हवें? लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींचें दुकान निघालें, त्यांतून पुढें लोखंडी नांगर निघाला, आणि १९१० सालीं माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपण साहित्यप्रेमी मंडळींनीं यांतली आणखी एक गोष्ट ध्यानांत धरावी: ज्या कारखान्यांत नांगर घडले त्याच कारखान्यांतून १९२० सालीं 'किर्लोस्कर खबर' हें मासिक निघालें. काळ्या हातांनीं मराठी वाङ्मयाला हातभार लावला. पांढऱ्या हातांनीं नांगराला कितीसा लावला, याचा जमाखर्च ज्यानें त्यानें आपल्या घरीं करावा.

आतां आईचा आक्षेप. येथें मी बाजू बदलतों. कारण आरोपीच्या बाजूनें टाळ्या वाजविणारा एक निराळाच वर्ग अलीकडे निर्माण झाला आहे आणि त्याची मला फिर्यादी पक्षाहून अधिक धास्ती वाटते. हा वर्ग 'जुगाड' या शब्दाचा भक्त आहे. तारेनें बांधलें, फडक्यानें गुंडाळलें, आणि कसेंबसें चाललें, कीं 'काय हें भारतीय डोकें!' म्हणून हा वर्ग डोलूं लागतो. मला हें कौतुक त्या जुन्या विटाळाचेंच नवें रूप वाटतें. शल्यवैद्यानें रफू करावें तशी शस्त्रक्रिया केली तर त्याला आपण शाबासकी देतों काय? मग कारागिराकडूनच अचूकपणाची अपेक्षा कां करूं नये? २०२१ सालीं सांगली जिल्ह्यांतील एका लोहारानें भंगारांतून छोटी चारचाकी बनविली. दुचाकीप्रमाणें लाथ मारून ती चालू होई. एका बड्या मोटार-उद्योगपतींनीं, नियमांत न बसल्यामुळें ती आज ना उद्यां अडविली जाईल हें ओळखून, तिच्या बदल्यांत नवी कोरी गाडी देऊं केली आणि २०२२ सालीं दिलीहि. तें औदार्य खरें होतें. परंतु टाळ्यांच्या त्या गजरांत एक प्रश्न मला तरी ऐकूं आला नाहीं: या माणसाला मोजमापाचें शास्त्र शिकण्याची आणि त्याच्याजवळचें कसब इतरांना शिकविण्याची सोय आपण कोठें केली आहे?

माझ्या भगिनीनें मात्र जुगाडाचें कौतुक केलें नाहीं. तिनें अगदीं पहिल्याच आठवड्यांत चिरंजिवांना विचारलें होतें, "गाडी पळेल कशी तें नंतर सांग, थांबेल कशी तें आधीं सांग." चिरंजिवांजवळ उत्तर नव्हतें. म्हणून इंजिन बाजूला राहिलें आणि मोटारसायकलचा डिस्क-ब्रेक मागच्या दांड्यावर आधीं चढला. सबंध प्रकरणांत यांत्रिक शास्त्राचें सर्वांत शहाणें वाक्य बोलली ती माझी बहीण, जिनें कधीं पान्हा हातीं धरला नाहीं.

त्या वाक्याची किंमत लौकरच कळली. एका परिचितांच्या कुंपण घातलेल्या रिकाम्या प्लॉटावर पहिली चाचणी झाली तेव्हां मी हजर होतों. दुसऱ्याच फेरीला वेग देणारी तार एका वांकड्या जागीं अडकली. पाय काढला तरी इंजिन गर्जतच राहिलें, आणि तें बंद करण्याची कळ हाताशीं नव्हती. भाच्यानें ब्रेकवर सगळा भार दिला. इंजिन पुढें ओढीत होतें, ब्रेक मागें धरीत होता, आणि त्या झगड्यांत गाडी मंदावून वाळूच्या ढिगांत शिरली. डोक्याला हेल्मेट होतें. मनगट मुरगळलें, याहून अधिक कांहीं झालें नाहीं. ब्रेक आधीं बसला नसता तर हा लेख मी लिहिला नसता, किंवा निराळ्याच हातानें लिहिला असता.

वडिलांनीं त्याच रात्रीं भंगारवाल्याला बोलावण्याचें ठरविलें. मीं त्यांना आठ दिवसांची मुदत मागितली. या आठ दिवसांत मुलानें तारेची वाट सरळ केली, तार मागें खेंचणाऱ्या एकाऐवजीं दोन स्प्रिंगा लावल्या, बोटाच्या अंतरावर इंजिन बंद करण्याची लाल कळ बसविली, चेनीवर पत्र्याचें कवच घातलें, आणि टाकी व तापणारें इंजिन यांमध्यें पडदा उभारला. मग त्यानें काय काय बिघडूं शकतें याची एक यादी केली आणि प्रत्येक ओळीपुढें उपाय लिहिला. माझ्या तीस वर्षांच्या अध्यापनांत इतका प्रामाणिक निबंध माझ्याकडे कोणी तपासावयास दिलेला नाहीं. भय त्याच्या मनांतून गेलें नव्हतें. त्याचें विवेकांत रूपांतर झालें होतें. गाडी भंगारांत गेली असती तर भय तेवढें उरलें असतें.

तेव्हां आईचा आक्षेप मला मान्य आहे, पण त्याचा निष्कर्ष 'करूं नको' असा नसून 'नीट कर' असा आहे. असली गाडी सार्वजनिक रस्त्यावर नेतां येत नाहीं. १९८८ च्या मोटारवाहन कायद्याप्रमाणें नोंदणीवांचून रस्त्यावर वाहन नाहीं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्याची जबाबदारी पालकांवरहि टाकली आहे. ही बंदी योग्य आहे. कुंपणाच्या आंत, वडीलधाऱ्यांच्या देखत, हेल्मेट घालून, आणि ज्याचीं कागदपत्रें स्वच्छ आहेत अशाच इंजिनावर हा प्रयोग झाला पाहिजे. पण तो झाला पाहिजे.

कारण तो न झाल्यास काय होतें, तें मी रोज पाहतों. आमच्याकडे अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या कितीतरी तरुणांनीं शेवटच्या वर्षाचा 'प्रकल्प' बाजारांतून तयार विकत आणलेला असतो. बाप पैसे देतो, दुकानदार यंत्र देतो, अध्यापक गुण देतो. शिकत कोणीच नाहीं. त्या विकतच्या यंत्रापुढें कोणाचीं नखें काळीं झालेलीं नसतात, म्हणून घरांत तक्रारहि होत नाहीं. स्वतःच्या हातानें बांधलेल्या गाडीला मात्र पंचायत बसते! चोरीच्या ज्ञानाला पेढे आणि कष्टाच्या ज्ञानाला बोलणीं, असा हा आपला न्याय आहे. या न्यायासनावर आम्ही अध्यापक मंडळीहि पालकांच्या मांडीला मांडी लावून बसलेलों आहों, हें मी नाकारीत नाहीं.

वाचकांस एवढीच विनंति. येत्या सुटींत आपल्या मुलानें अथवा मुलीनें (होय, मुलीनें सुद्धां, वाक्य कोणाचें शहाणें ठरलें तें वर सांगितलेंच आहे) एखादें मोडकें इंजिन घरीं आणलें, तर नखांकडे पाहूं नका. थांबेल कशी, तें आधीं विचारा. उत्तर येईपर्यंत इंजिनाला हात लावूं देऊं नका. आणि उत्तर आलें कीं ब्रेकचे पैसे आपल्या खिशांतून द्या. आणि जो मिस्त्री त्याला सांधा भरावयास शिकवील, तो दारीं आला तर त्याला आंत बोलवा, खुर्ची द्या, आणि आपणहि त्याच्याजवळ बसा. मी पुढल्या खेपेस गेलों तेव्हां तेवढें केलें. चहा तोच होता. त्या दिवशीं मात्र मिस्त्रींनीं मला चेन ताणावयास शिकविली, आणि तीस वर्षांत प्रथमच माझीं नखें काळीं झालीं.